ढगांखालची वाट

"या जातीच्या विमानांचे सर्वाधिक जीवघेणे अपघात ढगात शिरल्यामुळे झाले आहेत. इंजिन सुरू होणार नाही," विमान शांतपणे म्हणालं.

पायलट इरावती गावितनं चिडून समोरच्या तबकड्यांवर हात आपटला. एका इंजिनाच्या त्या छोट्या विमानात मागच्या सीटवर रक्ताच्या पिशव्यांची पेटी होती. सातपुड्यातल्या काकरपाड्याच्या दवाखान्यात सुंदरी वळवी नावाच्या बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"अरे, मी ढगात जातेय कुठे? खालून, नदीच्या कडेनं जाईन."

"नदीच्या कडेनं जाणारी अनेक विमानं विजेच्या तारांत अडकून पडली आहेत."

"इथल्या सगळ्या तारा मला पाठ आहेत!"

"पडलेल्यांपैकी बऱ्याच जणांनाही त्या पाठ होत्या."

कायद्यानं आता शेवटचा शब्द विमानाचा होता. इरावतीनं चडफडत पेटी उचलली आणि जीप घाटाला लावली. अर्ध्या वाटेवरच आभाळ निवळलं. ते बघून तिला रडूच आलं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

दवाखान्याच्या दारात म्हातारे डॉक्टर पाडवी उभे होते.

"बाळ वाचलं," ते म्हणाले. "आई गेली. आभाळ तर मोकळं होतं गं, विमान का नाही आणलंस?"

इरावतीनं रक्ताची पेटी तिथेच पायरीवर ठेवली.

संध्याकाळी कंपनीचा रोजचा संदेश सगळ्या पायलटांना आला : 'आजही आपल्या विमानांमुळे एकही मृत्यू नाही. अभिनंदन!'

इरावतीनं त्याखाली लिहिलं, 'सुंदरी वळवी, काकरपाडा,' आणि ते सगळ्यांना पाठवून दिलं.