कच्चं पाणी

श्रीकांतरावांनी तुरटीचा खडा टाकीत बुडवला, तेवढ्यात जयूताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, परत? त्या फ्रीगंजच्या मासेवाल्या दुकानदारानं काय सांगितलं होतं?"

श्रीकांतरावांनी खडा बाहेर काढला, पण हातातून सोडला नाही. काचेच्या टाकीतलं पाणी दुधाचं भांडं विसळल्यासारखं पांढुरकं दिसत होतं. इंदूरला दिलेल्या लेकीनं, सायलीनं, ही टाकी त्यांच्या रिटायरमेंटला भेट पाठवली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा, "बाबा, मासे आणले का?" मासे कुठले आणणार! दोनदा त्यांनी सगळं पाणी उपसलं, तळातले खडे घासून धुतले, टाकी नव्यानं भरली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा गढूळ.

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण श्रीकांतरावांनी शहराच्या फिल्टर प्लांटवर बत्तीस वर्षं काढली होती. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं यायचं. काचेच्या सहा बरण्या ओळीनं मांडून ते प्रत्येकीत कमीजास्त तुरटी घालायचे आणि कुठली आधी निवळते ते बघत उभे राहायचे. ब्याण्णव साली शहरात सिंहस्थ मेळा भरला तेव्हा तर पंधरा दिवस घराचं तोंड पाहिलं नव्हतं. लाखो माणसं ते पाणी प्यायली, एकाचंही पोट दुखलं नाही, हे ते आजही छाती काढून सांगायचे.

"तो म्हणतो, पानी अभी कच्चा है भाईसाहब, इसको छेड़ो मत," श्रीकांतराव म्हणाले. "म्हणे यात जंतू वाढू द्या. चांगले जंतू. ते मुरले की पाणी आपोआप निवळेल, तोवर मछली देणार नाही. आणि नळाचं पाणी थेट घालू नका म्हणे, त्यातल्या ब्लिचिंगनं ते मरतात. ब्लिचिंग! जयू, ते कोण टाकत होतं इतकी वर्षं?"

जयूताईंना हसू आलं, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते आवरलं.

"मग थोडे दिवस नका ना हात लावू."

"आणि करू काय?"

जयूताईंनी तुरटीचा खडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दाढीच्या सामानात ठेवून दिला.

ते दिवस श्रीकांतरावांना फार जड गेले. सकाळी सहाला, शिफ्टच्या वेळेला, ते उठायचे आणि हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभे राहायचे. प्लांटवर फिल्टर धुवायला रेतीतून पाणी उलटं सोडलं की उठणारा घरघराट त्यांना आठवायचा. त्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलायची इतकी सवय झालेली, की घरी आल्यावर जयूताई म्हणायच्या, "हळू बोला, मी बहिरी नाही." आता घरात टाकीतल्या बुडबुड्यांचाच काय तो आवाज होता.

नवव्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. टाकीपलीकडचं कॅलेंडर काचेतून लख्ख दिसत होतं, तिथीसुद्धा वाचता येत होती. श्रीकांतरावांनी पेलाभर पाणी काढलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि बराच वेळ फिरवून पाहिलं. एक कण नव्हता.

"झालं की हो स्वच्छ!" जयूताई मागून म्हणाल्या.

"मी काहीच केलं नाही," ते म्हणाले.

मग पेला खाली ठेवून ते फोनकडे गेले. नंबर बोटांना पाठ होता. पलीकडे कुणी नवीन मुलगा होता.

"हाँ, फिल्टर प्लांट."

"आज पानी कैसा है?"

"साफ है. कोई शिकायत है क्या?"

"नहीं, नहीं. बस पूछ लिया."

"आप कौन साहब?"

नाव श्रीकांतरावांच्या ओठांवर आलं होतं.

"देवास गेट से बोल रहा हूँ, बेटा. तुम्हारा पानी पीते हैं."