गालातला घास

चिमीने पुन्हा घास गालात धरून ठेवला, तसा तिच्या बाबांचा पारा चढला.

"गीळ म्हणतो ना! नुसते नखरे! एक ठेवून दिली की बघ कसा सरळ खाली जातो!"

बाबांनी हात उगारताच आजीने आपल्या मुलाचं मनगट घट्ट धरलं. "आधी मला मार. आणि मग गाडी काढ, दवाखान्यात जायचंय."

"आई, तुझ्याच लाडाने शेफारलीय ती!"

"शेफारलेल्या पोरीच्या बरगड्या मोजता येतात होय रे?"

तपासणीत कळलं, चिमीची अन्ननलिका एका जागी अरुंद होती. "घास तिथे अडकतो, दुखतं, म्हणून भीतीने ती गिळतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलंत. उपचारांनी बरी होईल."

मुलगा मान खाली घालून बाहेर आला. "आम्हाला कुणालाच कळलं नाही. आई, तुला कसं गं कळलं?"

आजीचा राग अजून उतरला नव्हता.

"माझ्या धाकट्या भावालाही सगळे नखरेलच म्हणायचे. तो गेला, तेव्हा गालाच्या आत घास तसाच होता, आणि गालावर आमच्या वडिलांची पाच बोटं."