दमलेला वाफा

बरणी रिकामी होती. त्यानं ती उलटी करून तळहातावर आपटली. एक बीसुद्धा पडलं नाही.

फळीवरच्या बाकी अकरा बरण्या भरलेल्या होत्या. भेंडी, मुळा, पालक, वाल. प्रत्येकीवर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी. काकडीची तेवढी रिकामी.

दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बायकोनं बावीस वर्षं शेती केली. तो ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर, घरी आला की आयतं खायचा. तिचे नियम कडक होते. पालापाचोळा फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, सगळं मातीला परत. माती उघडी ठेवायची नाही. ज्या महिन्याचं त्याच महिन्यात पेरायचं. बी विकत आणायचं नाही. शेवटच्या दिवसांत तिनं अंथरुणावरून त्याला एकेका वाफ्याचं काम पढवलं. काकडीचा वाफा मात्र यंदा मोकळा ठेवायला सांगितला.

बाकी सगळं त्यानं तिच्या शब्दाबाहेर न जाता केलं. पण थंडी सरली, रिकामा मांडव डोळ्यांत खुपायला लागला आणि त्याला राहवेना. ती काकडी दुसरीकडं कुठंच मिळत नव्हती. तीही गेली तर बायकोचं म्हणावं असं काय उरलं? सकाळी उठून त्यानं वाफा खणला होता.

"भाऊजी, आहात का?" शेजारच्या मास्तरीणबाई फाटकातूनच ओरडल्या. हातात छोटी डबी होती. "काकडीचं बी न्यायला आले. दर वर्षी तीच द्यायची."

"मीच तुमच्याकडं मागायला येणार होतो."

"माझ्याकडं कुठलं? आम्ही सगळे पेरून, खाऊन मोकळे. राखायची ती एकटी."

"मग यंदा राखलं नसेल. वाफा दमलाय म्हणाली होती."

"दमलाय? अहो, दोनच वर्षांपूर्वी विसावा दिला होता की त्याला."

बोलता बोलता त्या पायरीपर्यंत आल्या आणि त्यांची नजर फळीजवळच्या खुंटीवर गेली. बायकोच्या तपासण्यांच्या कागदांची सुरळी तिथं अजून टांगलेली होती. तिला लाल चिंधी बांधलेली.

"ही चिंधी इथं कशी?"

"काकडीला होती. गेल्या उन्हाळ्यात. तिला काही म्हणता काही जात नव्हतं. एक दिवस म्हणाली, काकडी खावीशी वाटते. मी आपली सगळ्यात मोठी बघून तोडली. म्हटलं, वजनानं पडू नये म्हणून बांधली असेल चिंधी."

मास्तरीणबाई पायरीवर टेकल्या.

"भाऊजी, ती बियाण्याची होती. सगळ्यात चांगली, वेलावरच पिवळी होईपर्यंत राखायची. कुणी तोडू नये म्हणून चिंधी. तीस वर्षं ट्रक चालवलात ना? लाल फडकं दिसलं की लांब राहायचं, एवढंही कळू नये?"

दुसरी राखायला वेलच उरले नव्हते. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात हलवलं, तो तिच्या उशाशी बसला आणि इथं पाण्यावाचून मांडव वाळून गेला.

मास्तरीणबाईंनी डबीचं झाकण लावलं आणि त्या निघून गेल्या.

तो फळीखाली उभा राहिला. सोलताना साल जाड लागली होती, ते त्याला आठवलं. सुरी अडत होती. फोडी बशीत घालून त्यानं ती चिंधी टाकायला उचलली, तर बायको म्हणाली होती, "टाकू नका. द्या इकडं." मग कितीतरी वेळ ती चिंधी बोटाला गुंडाळत बसली होती.

"निबर आहे का गं?" त्यानं विचारलं होतं.

"छे हो. कोवळी आहे."

दहा दिवस जिच्या पोटात घोटभर पेज टिकली नव्हती, तिनं एकेक फोड चावून चावून खाल्ली. बियांसकट. एकही ठेवली नाही.

आणि रिकामी बशी त्याच्या हातात देताना म्हणाली होती, "पुढच्या वर्षी काकडीचा वाफा मोकळाच ठेवा बरं का. दमलाय तो."