दहावर ठेवलेलं बटण

मोटारसायकल अंगणात शिरली तीच मुळी आवाज न करता, त्यामुळे म्हाताऱ्या वायरमनला ती दिसली तेव्हा थेट पायरीपाशी उभी होती.

"चार्जर चालू आहे ना?" हेल्मेटच्या आतून प्रश्न आला.

"चालू आहे, साहेब. या."

हेल्मेट निघालं आणि साहेबांची बाई झाली. चाळिशीची, केस कपाळाला चिकटलेले, डोळे वाऱ्याने लाल. वायरमन ओशाळला.

"सगळ्यांचं असंच होतं, काका," ती हसून म्हणाली. "आणि मला अहो-जाहो नका करू."

तिने केबल जोडली, हातमोजा दातांनी ओढून काढला, गाडीच्या स्क्रीनवर दोन-तीनदा बोट फिरवलं आणि पायरीवर बसून आजूबाजूला बघू लागली. वायरमन चहा टाकायला आत गेला.

आत मीटरशेजारी चार्जरची पेटी होती आणि पेटीवर गोल बटण. पूर्ण फिरवलं की बत्तीस अँपिअर. त्याने ते दहावर आणलं आणि मग गॅस पेटवला.

हे तो सगळ्यांच्याच बाबतीत करायचा असं नाही. कानाला फोन लावून येणाऱ्यांना तो पूर्ण वेगाने वाटेला लावायचा. पण एखादं माणूस पायरीवर निवांत टेकलं, की बटण खाली यायचं. पेटी मुलाने बसवून दिली होती. "आता गाडी चार्ज करायची चिंता नाही, बाबा. दर महिन्याला येतो." मुलगा एकदा आला. बायको गेल्यापासून घर खायला उठत होतं, म्हणून वायरमनने आपला पत्ता चार्जिंगच्या नकाशावर टाकून दिला. त्या रस्त्याला लांबवर दुसरा चार्जर नव्हता. ज्याचं घोडं अडेल तो दारात येणारच.

"कुठवर जायचंय?" त्याने कप पुढे करत विचारलं.

"देशाच्या त्या टोकाला. या टोकावरून निघालेय. विजेच्या मोटारसायकलवर सगळ्यात कमी वेळात पोचायचा विक्रम करायचाय."

"मग असं चार्जिंगला बसावं लागतं, तो वेळ?"

"तोही त्यातच धरतात. गाडी काय, कोणीही पळवेल, काका. खरी शर्यत बसून राहायचीच असते. कुठे प्लग बसत नाही, कुठे रांग, कुठे चार्जरच बंद. बॅटरी तापली की रुसून बसते, ते वेगळंच. उद्या दुपारच्या आत पोचले तर विक्रम माझा."

"आणि इथे उशीर झाला तर?"

"तर नाही." तिने चहावर फुंकर घातली. "छान झालाय. अजून मिळेल?"

वायरमन पुन्हा आत गेला. बटणाकडे त्याने पाहिलं. एवढा कप होऊ दे, मग वाढवू, असं मनाशी म्हणाला. स्वतःची समजूत घालायला बसलं की माणसाइतकं गोड बोलणारं दुसरं कोणी नसतं.

दुसरा कप झाला. तिने त्याच्या नोकरीबद्दल विचारलं, आणि त्याने खांबावर चढण्याचे किस्से सांगितले. जेवणवेळ टळली की बायको खांबाखाली येऊन ओरडायची, "खाली येताय की वरच डबा पाठवू?" हे ऐकून पाहुणी इतकी हसली की डोळे पुसायला लागले. मग बराच वेळ पुसतच राहिली.

"कालपासून हेल्मेटमध्ये फक्त माझा श्वास ऐकतेय," ती म्हणाली.

"पोचल्यावर कोण येणारेय न्यायला?"

"एक पंच असतो. घड्याळ बघतो, सही करतो, जातो."

"आणि घरचे?"

"घराला कुलूप आहे." हवापाण्याबद्दल बोलावं तसं ती बोलली.

वायरमनला फार वाईट वाटलं. पायरीवर ठेवलेला तिचा फोन एकदाही वाजला नव्हता. या बाईपाशी एक विक्रमच काय तो होता, आणि तोही वायरमन चहाच्या दोन कपांपायी खाऊन बसला होता. त्याने गाडीच्या बॅटरीचे दिवे पाहिले. चारांतला एकच लागला होता. दहावर असलं तरी एव्हाना दुसरा लागायला हवा होता. वायरही आपल्यासारखीच थकली, असं त्याच्या मनात आलं. पायरीवरचं ऊन अंगणात उतरलं होतं. अजून जमण्यासारखं होतं, पण आत्ताच उठायला हवं होतं.

"मुली, इथे एक लबाडी झालीय," तो म्हणाला.

ती चपापली. "कसली?"

"आलोच."

तो आत गेला आणि त्याने बटण थेट बत्तीसवर नेलं. चोराच्या मनात चांदणं. तिला आधीच कळलं असेल असं त्याला वाटत होतं. आता सरळ सांगून टाकायचं, त्याने ठरवलं. बोलायला कोणी नव्हतं म्हणून मुद्दाम केलं, रागाव हवं तर.

तो बाहेर आला तेव्हा ती पाठमोरी होती. अंगणातल्या नळावर कप विसळत होती. विसळलेलाच कप तिने पुन्हा पाण्याखाली धरला.

आधी आकडा वाढलेला बघू, मग बोलू, म्हणून तो गाडीपाशी गेला. आत येणारी वीज स्क्रीनवर दिसत होती : सहा. तो थांबला. आकडा हलला नाही. त्याने खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून खालची बारीक अक्षरं वाचली.

'मर्यादा : सहा अँपिअर. ही मर्यादा चालकाने ठेवली आहे.'