मनालीसाठी घोंगडं

"मी खाली पडंन की. माजं घोंगडं हाय," केराबाई म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलाभोवतीचं बोलणं एकदम थांबलं.

बोलणं चाललं होतं मनालीच्या हॉटेलचं. मे महिन्यात तिथं एक खोली घ्यावी की दोन, यावर तिचा मुलगा कुमार आणि सून सुकन्या सकाळपासून डोकं लावत होते. एकीतच भागेल, ऋतुजासाठी जादा गादी टाकून घेऊ, असं सुकन्याचं मत पडलं. नात ऋतुजा मोबाईलवर बर्फाचे फोटो बघत होती. केराबाई दाराशी बसून शेंगा फोडत होती. खोली एकच म्हटल्यावर आपली कुणाला अडचण नको, म्हणून तिनं आपली सोय आपणच सांगून टाकली.

काल रात्री जेवताना कुमारच म्हणाला होता, "यंदा आपण मनालीला जायचं." तितं देव कंचा, असं तिनं विचारलं होतं. देवबिव काही नाही, नुसता डोंगर आणि बर्फ, हे ऐकून तिला हसू आलं. जन्मभर ती मेंढरांमागं हिंडली होती, पण मेंढरं नेतील तिकडं. नुसतं बघायला म्हणून कुठं जायचं हे तिला नवीन होतं, आणि खरं सांगायचं तर फार आवडलं होतं. सकाळी उठल्या उठल्या तिनं वळसंगच्या बहिणीला, बजाला, फोन करून मनालीचं सांगितलं. मग माळ्यावरच्या ट्रंकेतलं काळं घोंगडं काढून गच्चीवर उन्हात टाकलं. त्याचं सूत तिनं स्वतः कातलेलं होतं.

कुमारनं सुकन्याकडं पाहिलं. सुकन्यानं कुठंच पाहिलं नाही.

कुमार बँकेत साहेबी मराठी बोलायचा आणि घरातही तीच. आईच्या गळी काही उतरवायचं असलं की मात्र त्याला गावची भाषा आठवायची.

"आई, तितं लई थंडी असती गं."

"थंडीचं मला सांगतूस व्हय? उगड्या माळावर पावसापान्यात राती काढल्यात. तूबी हुतास की त्याच घोंगड्यात."

"तसं न्हाय. चढ हाय लई. तुजं गुडघं..."

"सकाळी गच्चीवर कोन चढलं मग? तुजा बाप?"

ऋतुजाला हसू फुटलं. आईनं डोळे वटारले तशी ती परत मोबाईलमध्ये शिरली.

"हवा विरळ असते तिथं, आत्या," सुकन्या म्हणाली. "दम लागतो माणसाला."

"मानसाला लागतो म्हंजे तुमालाबी लागंल की."

कुमार उगाच चष्मा पुसत बसला. शेवटी सुकन्याच वैतागली. बाई वाईट नव्हती. तिला फार वेळ खोटं बोलता येत नसे, इतकंच.

"आत्या, घरात कुणीतरी नको का? उन्हाळ्यात पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी येतं. कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी. सगळेच गेलो तर भरणार कोण? परत आल्यावर आंघोळीलासुद्धा थेंब मिळायचा नाही."

केराबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. थंडीला, चढाला, विरळ हवेला तिच्याजवळ उत्तर होतं. मधे नळाचं पाणी निघेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मग काल आपन कशाला म्हनलास?" तिनं कुमारला विचारलं.

"कधी?"

"जेवताना. आपन मनालीला जायचं म्हनलास. आमी म्हनायचं हुतं."

"बोलायची पद्धत असते ती, आई." गावची भाषा संपली होती.

"मी बजाला सांगून बसली की."

"मावशीला मी करतो फोन."

"काय सांगनार? आईला पानी भराया ठेवलंय म्हनून?"

तिनं टरफलं गोळा केली, दाणे डब्यात ओतले आणि ती गच्चीवर गेली. तिला रडू आलं नव्हतं, राग आला होता. मुलाचा आला होता, सुनेचाही थोडा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढ्या घाईनं बहिणीला फोन करायची काय गरज होती, असं तिला पायरीपायरीला वाटत होतं.

कठड्यावरचं घोंगडं चांगलं तापलं होतं. शेजारच्या गच्चीवर चिमाबाई कुरडया घालत होती.

"केराबाई, भर उन्हाळ्यात घोंगडं काडलं? कुटं गावाला निगालाव का?"

"कुटं जातीय. कसर लागली हुती, झाडाया काडलंय," केराबाई म्हणाली, आणि खरंच दोन्ही हातांनी घोंगडं झाडू लागली.

थोड्या वेळानं कुमार वर आला. आईची समजूत काढायला आला असावा, असं चिमाबाईला दुरून वाटलं असेल. केराबाईलाही क्षणभर तसंच वाटलं. त्यानं घोंगड्याची कड बोटांत धरून चाचपली.

"आई," तो म्हणाला, आणि गावची भाषा परत आली, "सुकन्या म्हनती, तितली हाटेलातली पांघरुनं कुनाकुनाच्या अंगावरची असत्यात. ऋतुजाला रातच्याला उबीला कायतरी पायजे. हे घोंगडं आमी न्यावं म्हनतो."

केराबाईनं घोंगडं उलटून दुसरी बाजू उन्हाला केली.

"न्या की," ती म्हणाली. "आता बराबर बोललास."