शेवटचा काप

मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या फुफ्फुसाचा शेवटचा काप रेहानाने प्रयोगशाळेत काचेवर घेतला. लाल रंग दिला, आम्लाने धुतला, वर निळा चढवला. क्षय जगातून गेला होता. तो परतला नाही ना, हे पाहायला लोकांचे नमुने तपासताना रंग नीट लागतोय याची खात्री करायला इतकी वर्षं क्षयाने गेलेल्या एका रुग्णाचं हेच फुफ्फुस वापरात होतं. उद्यापासून कृत्रिम नमुना येणार, म्हणून तिने त्या रुग्णाच्या मुलीला, शेवंताबाईंना, बोलावून घेतलं होतं.

सत्तरीच्या शेवंताबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. निळ्यात बारीक लाल काड्या दिसल्या.

“हेच का ते जंतू? यांच्यापायी अण्णा मला खोलीत येऊ देत नव्हते. दारातच थांब, म्हणायचे. अगदी शेवटपर्यंत.”

“आता मेलेत ते, मावशी. घ्या हातात.”

शेवंताबाईंनी काच तळहातावर घेतली.

“अण्णा,” त्या हळूच म्हणाल्या, “आत आले हं.”