आज वास नाही

"नवरा टाकीला वास मारतोय म्हणाला, तर निर्धास्त राहा. वास नाही म्हणाला, तर घाबर," शेजारच्या सुलभावहिनींनी हेमांगीला बजावलं होतं. तलावाकाठच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या क्वार्टर्समध्ये त्यांची हयात गेली होती. हेमांगीने ते हसण्यावारी नेलं. ती तर नवऱ्याला, भूषणला, दारातच अडवायची. "आधी अंघोळ! तुझी ती जंतूंची पिल्लावळ माझ्या बाळापाशी नको."

"अगं, ते जंतू घाण खातात म्हणून तलावात मासे जगतात," तो म्हणायचा. "फक्त हवा मिळायला हवी बिचाऱ्यांना."

मग टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं. कामाचे जंतू गुदमरले आणि तळच्या गाळात दुसरेच माजले, विषारी वायू सोडणारे. टाकीच्या तोंडाशी उभं राहून भूषणने घरी फोन केला.

"मघाशी उभं राहवत नव्हतं, आता वासच नाही बघ! उतरून हवेचा पंप तेवढा बघतो. आज आल्या आल्या बाळाला घेणार हं."

"बरं झालं बाई एकदाचं," हेमांगी म्हणाली, आणि बाळाला नवं झबलं घालून दाराशी बसली. उशीर झाला, तशी तिथेच बसून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली.

तो वायू आधी नाक बधिर करतो आणि मग श्वास थांबवतो, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा भूषण चादरीखाली होता.

आता बाळाला कडेवर घेऊन ती भेटेल त्याला विनवते, तुम्हालाही विनवते आहे: तुमचं कुणी अशा टाकीवर कामाला असेल, तर आत्ता फोन लावा. उचलला नाही, तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका. उठा आणि बघून या.